टॅपेटचा गॅप सारखा मिटतोय: सीएनजीवर केलेल्या डिझेल इंजिनातल्या एक्झॉस्ट सीटची झीज

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. डिझेल इंजिनात प्लग बसवून पूर्ण सीएनजीवर केलेला छोटा ट्रक किंवा मिनीबस. सुरुवातीचे काही महिने उत्तम चालते. मग नाशिकच्या द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये, इंजिन चांगलं तापलेलं असताना, आयडलला एक सिलिंडर मारेनासा होतो. रेस दिली की ठीक, सोडली की पुन्हा थरथर. प्लग बदलतात, फरक पडत नाही. कॉइल बदलतात, तरी तेच. शेवटी कोणीतरी व्हॉल्व्ह कव्हर उघडतं, एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट झालेला (म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामधला गॅप मिटत आलेला) सापडतो, तो सेट केला की गाडी नव्यासारखी. काही हजार किलोमीटर गेले की पहिले पाढे पंचावन्न.

टॅपेट सेट करणं हा या तक्रारीचा इलाज नाही. सेट करण्याआधी गॅप किती उरला होता, हे मोजून लिहून ठेवणं ही इलाजाची सुरुवात आहे. दहापैकी नऊ गॅरेजमध्ये हा आकडा घेतलाच जात नाही. स्क्रू सैल करतात, फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) घालतात, लॉकनट आवळतात. रोगाचा एकमेव पुरावा तिथेच पुसला जातो.

हे सगळं डिझेल पंप आणि इंजेक्टर काढून, कॉम्प्रेशन कमी करून, प्लगवर चालणाऱ्या इंजिनांबद्दल आहे. डिझेल आणि गॅस दोन्ही एकत्र जाळणाऱ्या ड्युअल फ्युएल जनसेटचं (वीज जनित्राचं) दुखणं वेगळं असतं. तिथे इंजेक्टरमधून डिझेल कमी जातं म्हणून त्याचं टोक तापतं आणि कोक (जळक्या कार्बनचा थर) धरतं. तो विषय इथे नाही.

आधी मिसिंग कोणतं ते ओळखा

मिसिंग कधी होतं हे ड्रायव्हरला नीट विचारलं तर अर्धं निदान तिथेच होतं.

चढावर, कमी आरपीएमला, पूर्ण थ्रॉटल दिल्यावर झटके बसतात आणि आयडल मात्र छान आहे? मग इग्निशन बघा. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि गॅसला ते पेट्रोलपेक्षा मुळातच जास्त लागतं. प्लगचा गॅप झिजून वाढला असेल, किंवा इंजेक्टरच्या जागी बसवलेल्या खोल स्लीव्हमध्ये ओल शिरून प्लगच्या रबरी बूटमधून ठिणगी बाहेर उडत असेल. इगतपुरीकडच्या पावसात हे हमखास होतं. प्लगचा गॅप सीएनजी किटवाल्याने दिलेलाच ठेवा. आकडा नसेल तर ०.५ मि.मी.पासून सुरू करा.

कसारा घाट चढताना सुरुवातीला ठीक, पण बराच वेळ पूर्ण थ्रॉटलवर राहिल्यावर दम सुटतो? गॅस पुरत नाही. लो-प्रेशर फिल्टर, रेग्युलेटरमध्ये साठलेलं कॉम्प्रेसरचं तेल, किंवा टाकीचा अर्धवट उघडलेला हातव्हॉल्व्ह, या क्रमाने तपासा.

गरम इंजिनात फक्त आयडलला मिसिंग, आणि आरपीएम वाढवला की गायब? हा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर कॉम्प्रेशन गळतं. आरपीएम वाढला की गळायला वेळ कमी मिळतो, म्हणून मिसिंग लपतं. पुढचं सगळं या तिसऱ्या प्रकाराबद्दल.

उघडण्याआधी

गॅसच्या टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद करा आणि लाइनमधला गॅस संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू राहू द्या. टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो. हाय-प्रेशर पाइपच्या फिटिंगला या कामासाठी हात लावायची गरज नाही. हा गॅस हवेपेक्षा हलका, त्यामुळे एलपीजीसारखा जमिनीलगत राहत नाही, पत्र्याखाली वर साठतो. हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की पेट घेतो. शेडची वरची झरोके-खिडकी उघडी असू द्या आणि शेजारी वेल्डिंग चालू असेल तर ते थांबवा.

गॅप मोजणे

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. १-३-४-२ फायरिंग ऑर्डरच्या चार सिलिंडर इंजिनात ४ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलत असताना (एक्झॉस्ट मिटतोय, इनलेट उघडतोय) १ नंबर मोजा. २ नंबर डुलताना ३, १ नंबर डुलताना ४, ३ नंबर डुलताना २. सहा सिलिंडर १-५-३-६-२-४ असेल तर जोड्या १-६, ५-२, ३-४.

काहीही सैल न करता सगळे गॅप मोजा. फिलर गेजचं पातं किंचित अडखळत सरकलं पाहिजे. एक्झॉस्टला ०.४० सेट केलं होतं आणि आता ०.३५चं पातं जात नाही, ०.३०चं जातं, तर ०.३० लिहा. इनलेट आणि एक्झॉस्टचे रकाने वेगळे ठेवा, शेजारी किलोमीटर लिहा. सेटिंग त्यानंतर.

आता आकडे काय सांगतात ते बघा. रॉकर, टॅपेट, कॅम, पुशरॉडची टोकं झिजली तर गॅप वाढतो. गॅप कमी होत असेल तर त्याचा अर्थ व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकला आहे. म्हणजे सीट (बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती हेडमधली गोल कड) झिजून आत गेली, व्हॉल्व्हचा फेस (सीटला टेकणारा भाग) झिजला, किंवा व्हॉल्व्हचं डोकं तापून छत्रीसारखं वाकलं. चौथं एक कारण असतं आणि त्यावरून बऱ्याच जणांची फसगत होते. नवीन हेड गॅस्केट दबून हेड किंचित खाली बसलं की पुशरॉडच्या इंजिनात रॉकरही खाली येतो आणि गॅप मिटतो. पण असं झालं तर आठही व्हॉल्व्हचा गॅप साधारण सारखाच कमी होतो, आणि एकदाच होतो. कन्व्हर्जननंतर पहिल्या हजारेक किलोमीटरला हेड पुन्हा टॉर्क करून (मॅन्युअलमध्ये तशी परवानगी असेल तरच, ताण देऊन कोनात आवळायचे बोल्ट पुन्हा आवळत नाहीत) टॅपेट सेट केले की तो विषय संपतो. फक्त एक्झॉस्टचे गॅप मिटत असतील आणि इनलेट जागच्या जागी असतील, तर मात्र सीटच जातेय.

किती वेगाने जातेय ते काढा. ०.४० वरून ५,००० कि.मी.त ०.३० झालं, म्हणजे हजार किलोमीटरला ०.०२ मि.मी. या वेगाने सेट केल्यापासून २०,००० कि.मी.ला गॅप शून्य होईल. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह त्याच्या बराच आधी जळतो, कारण तापलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह लांबतो आणि थंडपणी उरलेला थोडा गॅप पुरत नाही. व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधून हेडच्या पाण्यात जाते. सीटला टेकणं बंद झालं की ती वाट बंद होते आणि काही तासांत कडेला खाच पडते. हजार किलोमीटरला ०.०२ मि.मी.पेक्षा जास्त वेग असेल तर टॅपेट सेट करून गाडी सोडू नका, हेड उतरवायचा दिवस ठरवा.

कॉम्प्रेशन बघताना

डिझेलच्या सवयीच्या हाताकडून इथे एक गोष्ट सुटते: या इंजिनाला आता थ्रॉटल आहे. थ्रॉटल बंद ठेवून कॉम्प्रेशन घेतलं तर सगळे आकडे पडलेले येतात आणि उगाच रिंगांवर संशय जातो. सगळे प्लग काढा, इग्निशन आणि गॅस सोलेनॉइडचा करंट तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा, बॅटरी भरलेली ठेवा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास ७ टक्के कमी. त्यामुळे तिकडच्या आकड्याशी तुलना करू नका. याच इंजिनाचा जुना आकडा असेल तर उत्तम, नसेल तर सिलिंडर एकमेकांशी ताडून बघा. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट सिलिंडरमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर लीकडाउन टेस्ट करा. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणून प्लगच्या भोकातून हवा द्या आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून म्हणजे इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट किंवा हेडची चीर.

सीट का जाते

डिझेलवर चालताना व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये काजळी आणि इंधनाचा पातळ थर असतो. तो धातूला धातूपासून वेगळा ठेवतो. गॅस कोरडा आणि स्वच्छ जळतो, हा थर तयारच होत नाही. २,००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह तासाला ६०,००० वेळा सीटवर आपटतो. तापलेल्या अवस्थेत, कोरड्या पृष्ठभागावर, प्रत्येक आपटीला धातूचे सूक्ष्म बिंदू चिकटतात आणि उघडताना तुटतात. डिझेल हेडची मूळ सीट या कामासाठी केलेलीच नसते.

पण फक्त कोरडेपणाला दोष देऊन थांबलं तर नवीन सीटही जाईल. उष्णता हे दुसरं आणि आमच्या मते मोठं कारण, आणि तिचं मूळ बहुतेकदा पिस्टनमध्ये सापडतं. उदाहरण घ्या: एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन वर-खाली होताना व्यापतो ती जागा) ६२५ सीसी आणि मूळ कॉम्प्रेशन रेशो १७.५. कंबस्चन चेंबर ६२५ भागिले १६.५, म्हणजे जवळपास ३८ सीसी. रेशो ११ वर आणायचा तर चेंबर ६२.५ सीसी हवा. म्हणजे पिस्टनच्या वाटीतून २४-२५ सीसी धातू काढावा लागतो. लेथवर अंदाजाने वाटी खरडली आणि १२-१५ सीसीच निघाला, तर रेशो १३च्या आसपास राहतो. मग लोडवर नॉक होतो (मिश्रण आपोआप पेटून खटखट वाजतं). तो थांबवायला टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतलं जातं. नॉक थांबतो, सगळे खूश होतात. पण गॅस हळू जळणारा, टायमिंग उशिराचं, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही ज्वाला चालूच असते आणि ती थेट एक्झॉस्ट सीटवरून बाहेर पडते. सीट जाण्याचं कारण तीन पायऱ्या मागे, लेथवर घडलेलं असतं.

जाड गॅस्केट घालून रेशो उतरवायचा विचारही नको. ९० मि.मी. बोअरला २४.६ सीसी वाढवायला जवळपास ३.९ मि.मी. जाडी लागेल. ती टिकणार नाही, आणि पिस्टन व हेडमधली हवा ढवळणारी फट मोठी झाल्याने जळणं आणखी मंदावेल.

तिसरं कारण ऑइल. डिझेलच्या सीआय-४ दर्जाच्या ऑइलमध्ये सल्फेटेड ॲश (ऑइल जळल्यावर उरणारी राख) १ ते १.५ टक्के असते. ती गॅस इंजिनात व्हॉल्व्हच्या फेसवर कडक थर धरते, थराचा एक तुकडा निघतो आणि त्या फटीतून ज्वाला वाट काढते. उलट अजिबात ॲश नसलेलं ऑइल घातलं तर सीटला मिळणारं थोडंफार संरक्षणही जातं. साधारण ०.५ टक्के ॲशचं, गॅस इंजिनासाठीचं ऑइल वापरा. हे ऑइल बदलायच्या वेळेलाही मधासारखं स्वच्छ दिसतं, कारण काजळीच नसते. रंग बघून “अजून चालेल” म्हणणं इथे धोक्याचं आहे. ऑक्सिडेशनने ते आतून दाट होत असतं. किलोमीटर किंवा तास मोजूनच बदला.

ऑइलचाच आणखी एक भाग आहे, आणि आपल्याकडे घाट असल्यामुळे तो जास्त जाणवतो. डिझेलला थ्रॉटल नसतं, म्हणून इनलेटमध्ये मोठा व्हॅक्यूम कधी तयारच होत नाही, आणि हेडमधले व्हॉल्व्ह स्टेम सील त्याच हिशेबाने साधे असतात. काही हेडमध्ये नसतातच. आता हीच गाडी भाजी भरून वाशीला निघते आणि कसारा घाट गिअरमध्ये, थ्रॉटल बंद ठेवून उतरते. इनलेटमध्ये जोराचा व्हॅक्यूम बसतो आणि गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) ऑइल खेचलं जातं. घाट संपल्यावर रेस दिली की निळा धूर. ते जळलेलं ऑइल राख होऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर बसतं. घाटाखाली असा धूर दिसत असेल आणि सपाटीवर दिसत नसेल, तर रिंगा बदलण्याआधी सील आणि गाइड बघा.

हेड उतरवल्यावर

साफ करण्याआधी व्हॉल्व्ह बघा. कडेला सगळीकडे सारखी झीज आणि सीटमध्ये गोल खोलगट पायरी असेल तर ती कोरडी झीज आणि उष्णता. एकाच जागी नाली असेल तर राखेचा थर. व्हॉल्व्ह सरळ पट्टीवर धरल्यावर डोकं वाकलेलं दिसलं तर उष्णता अति झालेली आहे. मग टायमिंग आणि कॉम्प्रेशन दुरुस्त केल्याशिवाय हेड परत बसवू नका. हेडच्या सपाटीपासून प्रत्येक व्हॉल्व्ह किती खोल बसलाय ते डायल गेजने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा.

लॅपिंग पेस्टने घासून गळती तात्पुरती थांबते, पण सीटचा धातू तोच राहतो. स्टेमचं टोक घासून गॅप मिळवण्याची युक्ती तर करूच नका. टोकावरचा कडक थर गेला की रॉकर त्यात खड्डा पाडतो.

योग्य काम म्हणजे मूळ सीट बोअर करून गॅससाठीची सीट रिंग बसवणं, कोबाल्ट मिश्रधातूची (स्टेलाइट प्रकारातली) किंवा सिंटर्ड टूल स्टीलची, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्टेलाइट फेसचे घेणं. सातपूर-अंबडला हेडचं काम करणारे भरपूर आहेत, पण नुसतं “सीट बसवून द्या” म्हणून हेड टाकून येऊ नका. पुढच्या गोष्टी लिहूनच द्या. कास्ट आयर्न हेडमध्ये रिंग भोकापेक्षा ०.०८ ते ०.१२ मि.मी. मोठी हवी. भोकाचा तळ सपाट कापलेला हवा, कारण उष्णता तिथूनही जाते. तळाखाली पोकळी राहिली तर रिंग लाल होईल. रिंग थंड करून आणि हेड कोमट करून बसवायची, हातोड्याने तिरपी ठोकायची नाही. बोअर करताना पाण्याच्या जॅकेटपर्यंतची भिंत पातळ होते, म्हणून काम झाल्यावर हेडची प्रेशर टेस्ट सक्तीची. एक्झॉस्ट सीटची रुंदी सुमारे २ मि.मी. ठेवा. अरुंद सीट आपटीचा दाब सोसत नाही आणि उष्णताही कमी नेते. सीट निळी शाई लावून तपासा. पट्टा पूर्ण गोल आणि फेसच्या मध्यावर आला पाहिजे.

गाइड घंटेच्या तोंडासारखं फाकलेलं असेल तर नवीन सीट वाया जाईल, व्हॉल्व्ह दर वेळी थोडा तिरका बसेल. सीटच्या आधी गाइड बदला. सीट गाइडच्या अक्षावरूनच कापली जाते. इनलेटला चांगले स्टेम सील बसतील अशी गाइडची मान करून घ्या. स्प्रिंगची बसलेली उंची मोजा आणि वाढली असेल तर खाली शिम घाला. हेड उघडंच आहे, तर प्रत्येक सिलिंडरचं चेंबर ब्युरेटने तेल सोडून मोजून घ्या. यातूनच मघाचा पिस्टनचा घोळ उघडा पडतो, आणि सिलिंडर-सिलिंडरमधला फरकही कळतो.

बसवल्यावर

एक्झॉस्टचा गॅप किटवाल्याच्या आकड्याप्रमाणे. तो नसेल तर मूळ डिझेलच्या आकड्यापेक्षा ०.०५ ते ०.१० मि.मी. जास्त ठेवा; टॅपेटचा हलका आवाज ऐकू आला तरी चालेल. ज्या इंजिनाचा टॅपेट अजिबात वाजत नाही, त्याच्या एक्झॉस्टची काळजी वाटायला हवी.

टायमिंग लाइट लावण्याआधी पुलीवरची टीडीसीची खूण खरी आहे का ते प्लगच्या भोकातून डायल गेजने तपासा. कन्व्हर्जनमध्ये बसवलेली सेन्सरची दातेरी रिंग एखाद्या दाताने सरकलेली असू शकते. ६० दात मोजून केलेल्या रिंगवर एक दात म्हणजे ६ अंश, आणि तेवढा उशीर सीट खायला पुरेसा आहे. मिक्श्चर वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून लोडवर बघा. मिक्श्चर लीन (गॅस कमी, हवा जास्त) झालं की ज्वाला आणखी हळू सरकते. ठिणगीचा ॲडव्हान्स तेवढाच ठेवला तर जळणं एक्झॉस्टपर्यंत रेंगाळतं. डिझेलवर पूर्ण लोडला एक्झॉस्ट साधारण ५०० ते ६०० अंश असतो, गॅसवर ७००च्या वर जातो, हे गृहीत धरून मॅनिफोल्डमध्ये पोर्टजवळ के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) लावण्याची सोय करून ठेवा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ४०-५० अंशांनी गरम असेल, तर पुढची सीट तीच जाणार.

पहिली मोजणी १,००० कि.मी.ला, दुसरी ५,०००ला, मग १०,०००ला, प्रत्येक वेळी सेट करण्याआधीचा आकडा लिहून. अंबड-सिन्नरच्या कारखान्यांत पाइपच्या गॅसवर चालणाऱ्या जनसेटला हेच तासांत: ५०, २५० आणि ५०० तास. एक्झॉस्टचे आकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीत हलले नाहीत तर पुढे ऑइल बदलताना दर दुसऱ्या वेळी बघितलं तरी पुरे. एकाच सिलिंडरचा गॅप परत मिटायला लागला, तर पूर्ण हेड न उतरवता आधी त्या सिलिंडरचा प्लग, त्याच्या इनलेट रनरच्या (हवा नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटची गळती आणि लीकडाउन बघा. रनरमधून चोरून हवा शिरली की तेवढाच सिलिंडर लीन चालतो.

टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी असते. गाडी तेव्हा उभीच राहते, तर मोठं हेडचं काम त्याच सुमाराला जमवून घ्या, आणि किटची आरसीवर नोंद आहे का तेही त्याच खेपेला बघून ठेवा.